फसलेल्या चाचण्यांच्या स्लाइड पुन्हा काढा: अँटिबॉडी औषधे घडवणाऱ्यांना खुले पत्र

अंडाशय आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगांवर अँटिबॉडी औषधे घडवणारे संशोधक, त्यासाठी पैसा उभा करणाऱ्या कंपन्या आणि चाचण्यांचे आराखडे तपासणारे तज्ज्ञ यांस,

स. न. वि. वि.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्णाचा चेहरा माझ्या वाट्याला क्वचितच येतो. मला भेटतो तो मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवलेला त्याच्या गाठीचा तुकडा. त्यातून चार मायक्रॉन जाडीचे सेक्शन कापून घ्यायचे, काचेवर चढवून स्टेन करायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघून रिपोर्ट लिहायचा, हे माझं रोजचं काम. तुमच्या औषधांशी माझी गाठ याच टेबलावर पडते, आणि जे सांगायचंय तेही याच टेबलावर सुचलेलं आहे.

काही महिन्यांपूर्वी एक बायोप्सी आली. वय ६१, अंडाशयाचा हाय-ग्रेड सीरस कर्करोग. ऑपरेशन झालेलं, प्लॅटिनमवर आधारित औषधांची केमो झालेली आणि शेवटच्या डोसनंतर सहा महिने भरायच्या आत आजार परतलेला. सोबत एका ओळीची विनंती होती: फोलेट रिसेप्टर अल्फा (पेशीच्या कडेवरचं एक प्रथिन) बघावा. स्लाइडवर डावीकडच्या पेशींच्या कडेनं ठसठशीत तपकिरी रेघ होती, पेन्सिलीनं पुन्हा पुन्हा गिरवावी तशी. उजवीकडे सरकत गेलं की ती फिकी होत जायची आणि पार टोकाला नुसत्या निळ्या पेशी. नियम असा की जिवंत ट्यूमर पेशींपैकी किमान ७५ टक्के पेशींच्या कडेला मध्यम किंवा गडद रंग हवा, तरच रिपोर्ट पॉझिटिव्ह. मी मोजले तर ८० आले. सहकाऱ्याला डबल-हेड मायक्रोस्कोपवर समोर बसवलं. तो म्हणाला ७०. पुन्हा एकेक फील्ड बघितलं. 'मध्यम' कुठे संपतं आणि 'फिकं' कुठे सुरू होतं यावरच आमचं अडत होतं. शेवटी पहिल्या ऑपरेशनच्या वेळचा ब्लॉक मागवला. त्यात रंग भरपूर होता. दोघांनीही शंका न ठेवता सही केली.

आमच्या दोघांच्या आकड्यांमधल्या त्या दहा टक्क्यांत एका बाईचं औषध अडकलं होतं. याच घोळानं तुमच्या क्षेत्रात एकदा सबंध चाचणी बुडवली होती, आणि त्यातून औषध पुन्हा कसं वर आलं ते मला सारखं आठवत राहतं. म्हणून हे पत्र.

ज्या औषधासाठी आम्ही मोजत होतो ते मिर्व्हेटक्सिमॅब सोरॅव्हटॅन्सिन. वाचकांपैकी सगळे या क्षेत्रातले नसतील, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंड. ती पेशीवरचं एक ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटते. हवी तीच अँटिबॉडी हवी तितकी बनवायची युक्ती क्योलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये दाखवली आणि १९८४ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. या नव्या औषधांमध्ये अँटिबॉडीला लिंकर नावाच्या रासायनिक दुव्यानं जहाल विष जोडलेलं असतं. अँटिबॉडी चिकटली की पेशी तिला आत ओढून घेते, आत गेल्यावर विष सुटं होतं आणि पेशी मरते. म्हणजे सगळा खेळ पेशीवर ते प्रथिन, ते लक्ष्य, किती आहे यावर. नुसतं 'आहे' म्हणून भागत नाही.

मिर्व्हेटक्सिमॅबच्या बाबतीत नेमकं इथेच चुकलं. फॉरवर्ड-१ या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ३६६ रुग्ण होत्या. २०१९ मध्ये निकाल आला: आजार रोखून धरण्यात हे औषध केमोपेक्षा सरस ठरलं नाही. आधीच्या छोट्या चाचण्यांमध्ये स्लाइड वाचताना रंग किती पेशींना आहे आणि तो किती गडद आहे, दोन्ही बघितलं जायचं. मोठ्या चाचणीसाठी पद्धत सोपी केली गेली. कमी मॅग्निफिकेशनवर पेशींच्या कडेला रंग दिसतो का एवढंच बघायचं, गडद-फिका भेद सोडून द्यायचा. निकालानंतर स्लाइड जुन्या पद्धतीनं पुन्हा वाचल्या गेल्या तेव्हा उलगडा झाला. चाचणीत घेतलेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या गाठीत लक्ष्य पुरेसं नव्हतंच. त्यांना अशी अँटिबॉडी दिली जात होती जिला चिकटायला जागा नव्हती.

यापुढचा भाग मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. ते निष्कर्ष दडवले गेले नाहीत, छापले गेले. मोजपट्टी दुरुस्त करून पुन्हा चाचण्या आखल्या गेल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं या औषधाला सशर्त मंजुरी दिली, आणि त्याच वेळी स्लाइड तपासण्याच्या चाचणीलाही. मग मिरासोल चाचणी झाली, ४५३ रुग्णांची. औषध मिळालेल्या गटात गाठी आटण्याचं प्रमाण ४२ टक्के, केमोच्या गटात १६ टक्के. आयुष्याचा मध्यक, म्हणजे निम्म्या रुग्ण जितका काळ तरी जगल्या तो, साधारण साडेसोळा महिने, तर केमोवर पावणेतेरा. प्लॅटिनमला दाद न देणाऱ्या या आजारात तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत एखाद्या नव्या औषधानं केमोपेक्षा आयुष्य वाढवल्याचं दिसण्याची ती पहिलीच वेळ. मार्च २०२४ मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली.

अँटिबॉडी तीच, विष तेच, लिंकरही तोच. बदलली ती स्लाइड वाचायची रीत. फॉरवर्ड-१ च्या स्लाइड कपाटातच राहिल्या असत्या तर फोलेट रिसेप्टर हे 'फसलेलं लक्ष्य' म्हणून कायमचं निकालात निघालं असतं. आधीच फार्लेट्युझुमॅब नावाची, विष न जोडलेली अँटिबॉडी याच लक्ष्यावर अपयशी ठरली होती, त्यामुळे तसं म्हणणाऱ्यांची वाणही नव्हती.

माझं मागणं याच अनुभवावरून आहे. तुमची जी औषधं फसली त्यांच्या स्लाइड पुन्हा काढा, आणि त्यात काय दिसतं ते आम्हाला सांगा.

अंडाशय आणि मूत्रपिंड ही जोडी मी मुद्दाम घेतली आहे. बाहेरून बघणाऱ्याला हे दोन आजार लांबचे वाटतात, पण आमच्या टेबलावर ते सख्खे शेजारी आहेत. कुठून आली ते कळत नाही अशी गाठ समोर आली की आम्ही पॅक्स-८ या प्रथिनाचा स्टेन लावतो. पेशींची केंद्रकं तपकिरी झाली की मनात लगेच तीन जागा येतात: मूत्रपिंड, स्त्रीजननमार्ग, थायरॉइड. गर्भात मूत्रपिंड आणि अंडवाहिनी एकाच ऊतीच्या पट्ट्यातून घडतात, आणि अंडाशयाचे म्हणून ओळखले जाणारे बहुतेक हाय-ग्रेड सीरस कर्करोग प्रत्यक्षात अंडवाहिनीच्या टोकाशी सुरू होतात. म्हणून या दोघांच्या पेशींवर काही प्रथिनं सामाईक सापडतात. कॅडहेरिन-६ हे त्यातलं आज सगळ्यात जास्त चर्चेतलं. त्याचं जुनं नावच मुळी किडनीवरून पडलेलं, के-कॅडहेरिन.

या लक्ष्यावरचं पहिलं औषध होतं एचकेटी-२८८. २०१७ मध्ये प्राण्यांवरचे निष्कर्ष छापून आले तेव्हा मी ते दोनदा वाचले, इतके ते चांगले होते. माणसांवरच्या पहिल्या चाचणीत अंडाशय आणि मूत्रपिंड, दोन्हींचे रुग्ण घेतले. मोजके रुग्ण झाले आणि चाचणी थांबवावी लागली, कारण कोणाच्या ध्यानीमनी नसताना मेंदूवर परिणाम दिसू लागले. नंतर त्याच कॅडहेरिन-६ वर दुसरं औषध आलं, रॅल्युडोटाटग डेरक्सटेकॅन. त्याची अँटिबॉडी वेगळी, विषही वेगळ्या जातीचं. अंडाशयाच्या परतलेल्या आजारात निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या गाठी त्यानं आटल्या. म्हणजे लक्ष्य खोटं नव्हतं.

मग पहिल्या वेळी मेंदूला नेमकं काय झालं? अँटिबॉडी भलत्या ठिकाणी चिकटली, की विष आधीच सुटून तिथे पोचलं? दुसऱ्या औषधावर काम करणाऱ्यांना या प्रश्नाचं उत्तर आयतं मिळायला हवं होतं. त्यासाठी पुन्हा नव्या रुग्णांना जोखीम पत्करायला लावणं बरोबर नाही. तिसरं, चौथं औषध याच लक्ष्यावर येणार, त्यांनाही ते लागेल.

डोळ्यांचंही तेच आहे. मिर्व्हेटक्सिमॅब घेणाऱ्या अनेक रुग्णांना धूसर दिसतं, कॉर्नियाच्या पेशींवर बारीक बारीक फोड येतात. गंमत नव्हे, नवल आहे, की कॉर्नियावर फोलेट रिसेप्टर अल्फा नसतोच. लक्ष्य नसलेल्या जागी विष पोचतं. म्हणून उपचाराआधी आणि दरम्यान डोळे तपासायचे, स्टिरॉइडचे आणि ओलावा राखणारे थेंब घालायचे, असा क्रम ठरलेला आहे. तो पाळला तर बहुतेकांचा त्रास आटोक्यात राहतो, डोस पुढे ढकलला की दृष्टी सुधारते. पण चष्म्याचा नंबर वाढला असेल अशा समजुतीत रुग्ण आठवडेच्या आठवडे बोलत नाहीत. संमतीपत्राच्या अकराव्या पानावर 'केराटोपथी' असं लिहून हे काम होत नाही. 'अक्षरं पुसट दिसू लागली तर त्याच दिवशी फोन करा' असं पहिल्या पानावर लिहा.

आता मूत्रपिंडाबद्दल, कारण माझी खरी तळमळ तिथे आहे.

२०२२ मध्ये जगभरात मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे सुमारे ४ लाख ३४ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि दीड लाखाहून अधिक लोक त्यानं गेले. अंडाशयाचे नवे रुग्ण सुमारे ३ लाख २४ हजार, मृत्यू दोन लाखांच्या वर. एवढ्या मोठ्या आजारात नेहमीची केमो जवळजवळ निकामी आहे, आणि त्याचं कारण पेशीच्या स्वभावातच आहे. मूत्रपिंडाच्या नळ्यांमधल्या पेशींचं कामच नको ते बाहेर काढून टाकणं. त्यांच्यापासून झालेली गाठही पी-ग्लायकोप्रोटीनसारखे पंप लावून औषध बाहेर फेकते. विष जोडलेली अँटिबॉडी दारातून आत शिरली तरी सुटं झालेलं विष याच पंपांच्या तावडीत सापडू शकतं.

अँटिबॉडींनी या आजारात काहीच दिलं नाही असं मुळीच नाही. व्हीएचएल जनुक निकामी झालं की पेशीला सतत ऑक्सिजन कमी असल्यासारखं वाटतं आणि ती रक्तवाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफ ओतत राहते. ऑक्सिजन ओळखण्याच्या या यंत्रणेच्या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं. ते व्हीईजीएफ पकडणारं बेव्हासिझुमॅब दोन्ही आजारांत वापरलं गेलं आहे. २०१५ मध्ये निव्होल्युमॅब आलं. आधीच्या उपचारांना न जुमानणाऱ्या मूत्रपिंडाच्या कर्करोगात त्यानं आयुष्याचा मध्यक १९.६ महिन्यांवरून २५ वर नेला. पण ही औषधं गाठीच्या आसपासची परिस्थिती बदलतात, प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढतात. गाठीच्या पेशीवरच नेम धरणारी, विष वाहून नेणारी अँटिबॉडी मूत्रपिंडात अजून एकही टिकलेली नाही.

प्रयत्न कमी झाले नाहीत. सीडी-७० या लक्ष्यावर झाले, टिम-१ वर झाले. ईएनपीपी-३ या आणखी एका लक्ष्यावरच्या औषधाची ॲक्सिटिनिबच्या गोळ्यांशी सरळ तुलना झाली. आजार रोखून धरण्याचा काळ अँटिबॉडीवर २.९ महिने आणि गोळ्यांवर ५.७. हा आकडा वाचून मी तरी गप्प झाले, कारण ईएनपीपी-३ चा रंग मूत्रपिंडाच्या गाठींवर किती सुरेख येतो ते मला माहीत होतं. दारावर पाटी होती, पत्ता बरोबर होता, तरी पार्सल आत पोचलं नाही, किंवा पोचून परत फेकलं गेलं. यातलं काय झालं? उपचारानंतर पुन्हा वाढलेल्या गाठीची बायोप्सी घेतली तरच हे कळेल: लक्ष्य नाहीसं झालं, अँटिबॉडी आत ओढलीच गेली नाही, की पंपानं विष बाहेर टाकलं. तीन वेगळी कारणं, तीन वेगळे इलाज. आणि कारण न शोधता लक्ष्य बदलत राहिलं तर चौथ्या लक्ष्यावरही तोच पंप वाट बघत असेल.

कार्बोनिक अनहायड्रेज-९ या प्रथिनाची कथा मला यासाठीच धीर देते. क्लिअर सेल या मूत्रपिंडाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगाच्या पेशींवर ते भरभरून असतं. त्याच्यावरची जी-२५० ही अँटिबॉडी १९८६ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी जगासमोर आणली. तिचंच पुढचं रूप जिरेन्टक्सिमॅब. ऑपरेशननंतर आजार परतू नये म्हणून ते ८६४ रुग्णांच्या चाचणीत वापरून बघितलं, आणि काही उपयोग झाला नाही. तिथे ही कथा संपली असती. पण ती अँटिबॉडी गाठीवर बरोबर जाऊन बसते हे तिच्यासोबत वर्षानुवर्षं काम केलेल्यांना ठाऊक होतं. त्यांनी तिला किरणोत्सारी झिर्कोनियम जोडून पेट स्कॅनमध्ये वापरलं. झिर्कॉन चाचणीत मूत्रपिंडातली संशयास्पद गाठ क्लिअर सेलची आहे हे ओळखण्याची क्षमता ८५.५ टक्के निघाली, आणि नसेल तेव्हा नाही म्हणण्याची ८७. उपचार म्हणून हरलेली अँटिबॉडी निदानात कामाला आली. आता तिच्यावर किरणोत्सारी ल्युटेशियम बसवून उपचाराच्या चाचण्याही झाल्या आहेत, आणि किरणांना पेशीतला पंप बाहेर फेकू शकत नाही, म्हणून त्या निकालांकडे माझं बारीक लक्ष आहे.

अशा स्कॅनचा आणखी एक उपयोग आहे, तो माझ्यासारख्या स्लाइडवाल्या माणसानंच सांगायला हवा. माझ्या टेबलावर येणारा बायोप्सीचा तुकडा सुईएवढा बारीक. रुग्णाच्या पोटात, फुफ्फुसात, हाडात पसरलेल्या आजाराबद्दल मी त्या तुकड्यावरून बोलते. सुरुवातीला सांगितलेल्या स्लाइडवर डाव्या आणि उजव्या टोकातच केवढा फरक होता. अँटिबॉडी कुठे पोचते आणि कुठे नाही हे सबंध शरीरात दिसत असेल तर रुग्णाची निवड माझ्या एकट्या नजरेवर का सोडायची? स्लाइड आणि स्कॅन दोन्ही चाचणीच्या पहिल्या टप्प्यापासून हवेत. तिसऱ्या टप्प्यात घाईनं सोपी मोजपट्टी काढायची वेळ मग येणार नाही.

मोजपट्टीबद्दल एक कळकळीची विनंती. प्रत्येक कंपनीचा स्टेन वेगळा, मशीन वेगळं, टक्केवारीची रेषा वेगळी. ७५ च्या आसपासच्या, भांडण होईल अशाच स्लाइडचे डिजिटल संच सगळ्यांसाठी खुले करा. उत्तम आणि निःसंदिग्ध स्लाइड प्रशिक्षणात सगळेच दाखवतात. त्या ओळखायला आम्हाला मदत लागत नाही. त्या दिवशी माझं आणि सहकाऱ्याचं जिथे अडलं तशा शंभर स्लाइड मला बघायला मिळाल्या असत्या तर एका रुग्णाचा रिपोर्ट आठवडाभर रखडला नसता. तिच्या दृष्टीनं आठवडा म्हणजे काय असतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

गुपितांचा मुद्दा तुम्ही काढाल, हे गृहीत धरते. लिंकरचं रसायन, उत्पादनाची रीत तुमची राहू द्या, आम्हाला ती नको. पण बंद पडलेल्या चाचणीतल्या गाठींवर लक्ष्य किती होतं, उपचारानंतर किती उरलं, इजा कोणत्या ऊतीत झाली, ही माहिती रुग्णांच्या शरीरातून आलेली आहे. तिच्यावर त्यांचा आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांचा हक्क आधी. चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या तज्ज्ञांनी एवढी अट घालायला काय हरकत आहे, की चाचणी बंद झाल्यावर ठरावीक मुदतीत ऊतींचा अहवाल प्रसिद्ध झालाच पाहिजे? आणि ज्यांनी भाग घेतला त्यांना दोन पानांत, साध्या भाषेत, काय आढळलं ते कळवलं गेलं पाहिजे?

दोन्ही आजारांचे रुग्ण घेऊन सुरू झालेल्या चाचण्यांबद्दलही बोलायला हवं. अंडाशयात गुण दिसतो, मूत्रपिंडात तितका दिसत नाही, मग पुढची मोठी चाचणी अंडाशयापुरती होते. कॅडहेरिन-६ बाबत हेच झालं. व्यवहार म्हणून मला ते समजतं. पण ज्या मूत्रपिंडाच्या रुग्णांनी सुरुवातीच्या डोसची जोखीम घेतली त्यांच्या गाठींनी दाद का दिली नाही, हे शोधण्याचं देणं तुमच्यावर राहतंच.

माझ्या कपाटात अशाच एका रुग्णाचा ब्लॉक आहे. मूत्रपिंडाचा क्लिअर सेल कर्करोग, फुफ्फुसात पसरलेला. त्यांनी एका अँटिबॉडी औषधाच्या चाचणीसाठी दुसऱ्यांदा फुफ्फुसाची बायोप्सी करून घेतली, सुईनं हवा शिरून दोन दिवस भरती राहावं लागलं तरी कुरकुर केली नाही. आम्ही १२ सेक्शन कापून पाठवले. पुढे चाचणी बंद झाल्याचं पत्र आलं, चार ओळींचं. त्या सेक्शनवर काय दिसलं ते मी दोनदा लिहून विचारलं, उत्तर आलं नाही. ते गृहस्थ मागच्या वर्षी गेले. त्यांच्या पत्नी एकदा लॅबमध्ये आल्या होत्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, "त्या तुकड्याचा कुणाला काही उपयोग झाला का?" मला उत्तर देता आलं नाही.

उरलेली ऊती संशोधनासाठी वापरावी असं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून सही केलेली आहे. त्या ब्लॉकमधून अजून १५-२० सेक्शन सहज निघतील. तुमच्यापैकी ज्यांना हवे असतील त्यांनी नैतिक समितीची परवानगी घेऊन मागावेत, मी स्वतः कापून देईन. बदल्यात जे दिसेल ते मला कळवा. त्या बाईंना मला फोन करायचा आहे.

आपली,
एक पॅथॉलॉजिस्ट